पाण्याचा दिवस आणि चालण्याचा दिवस

सोलापुरात सिद्धेश्वर यात्रा संपून होम मैदानावरचे पाळणे उतरवायला घेतले की आमच्या भागात दुसरी जत्रा भरते. चौकाचौकांत जिमचे फ्लेक्स लागतात. फुगलेले दंड, आत गेलेलं पोट आणि खाली ठळक अक्षरांत '९० दिवसांत नवे तुम्ही'. तीन वर्षांपूर्वी अशाच एका फ्लेक्सला भुलून मी वर्षाची फी एकदम भरली. एकदम भरली की सवलत मिळते म्हणून. सलग १९ दिवस गेले. विसाव्या दिवशी पहाटे नळाला पाणी आलं, एकविसाव्या दिवशी अक्कलकोटहून पाहुणे आले, आणि बाविसाव्या दिवशी काहीच आडवं आलं नाही, तरी मी गेले नाही. त्या दिवशी मला अडवलं ते लाजेनं. दोन दिवसांचा खाडा पडला होता ना.

हा 'खाडा' शब्द माझ्या तोंडात वडिलांकडून आला. ते गिरणीत होते. सोलापुरात पहिली गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, आपण जिला जुनी मिल म्हणतो ती. आणि पुढची शंभरेक वर्षं या शहराचा दिवस भोंग्यावर उगवला आणि भोंग्यावर मावळला. मस्टरवर सही, खाडा झाला की पगार कापला, सलग खाडे झाले की नोकरीवर गदा. गिरण्या बंद पडल्या, भोंगे गेले, पण मस्टर काही आपल्या डोक्यातून गेलं नाही. आता ते मोबाईलमध्ये आहे. किती दिवस सलग चाललात ते फोन मोजतो, एक दिवस चुकला की आकडा शून्यावर आणतो, आणि आपण खाली मान घालून घरी बसतो.

मला म्हणायचं आहे ते असं, की शरीराचा हिशेब मस्टरनं ठेवणं हीच मूळ चूक आहे. आणि हा हिशेब ज्याचा त्यानं एकट्यानं ठेवावा असं शहरानं गृहीत धरणं, ही त्याहून मोठी चूक. दुसऱ्या पद्धतीचा हिशेब शोधायला फार लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरच्या वाटेवर, तो दरवर्षी आषाढात चालून दाखवला जातो.

वारीकडे आपण भक्ती म्हणून बघतो, आणि ते बरोबरच आहे. पण थोडा वेळ ती चालण्याची योजना म्हणून बघा. आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर, जवळपास तीन आठवडे. चालणाऱ्यांत साठीचे, सत्तरीचे किती असतात ते मोजायलाही नको. धर्मपुरीला माउलींची पालखी आपल्या जिल्ह्यात शिरते तेव्हा रस्त्याच्या कडेला उभं राहिलं तरी दिसतं. गुडघ्याला फडकं बांधलेल्या, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. यांतल्या कुणी कधी ट्रेडमिल पाहिलेलं नसतं. मग हे जमतं कसं? 'श्रद्धेनं' हे उत्तर खरं, पण अर्धं. उरलेलं अर्धं वेळापत्रकात आहे. पुण्यात पालखी दोन रात्री मुक्काम करते. मग दिवेघाटाचा दिवस येतो, पुणे ते सासवड, तीस किलोमीटरच्या वर आणि तोही चढ. वाटेतली सगळ्यात दमवणारी ही मजल झाली की सासवडला पुन्हा दोन रात्री मुक्काम. शेवटी वाखरीहून पंढरपूर, ती मजल अगदी छोटी. कुणी व्यायामशास्त्र शिकून हे आखलेलं नाही, पण खेळाडूंचे प्रशिक्षक आज जे सांगतात तेच यात आहे. मोठ्या ताणानंतर मोठी विश्रांती, आणि शेवटाकडे भार कमी. सासवडच्या मुक्कामाला वारीत कुणी खाडा म्हणत नाही. मुक्कामही वारीतच मोडतो.

आणि वारकरी एकटा चालत नाही. त्याचं सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असतं, स्वयंपाकाची माणसं पुढच्या मुक्कामी आधीच पोचलेली असतात, वाटेतली गावं पाणी, चहा, पिठलं-भाकरी घेऊन उभी असतात, सरकार टँकर आणि दवाखाने लावतं. हे सगळं काढून घेतलं आणि म्हटलं, 'चला, इच्छाशक्ती असेल तर चालाल', तर वाखरीपर्यंत किती पोचतील? वारकऱ्याच्या जिद्दीचं कौतुक करताना त्या ट्रकला विसरायचं नाही, एवढंच माझं मागणं.

आपल्या सिद्धेश्वर यात्रेतही हीच रीत आहे. नंदीध्वजाची ती उंच, वजनदार काठी बाराबंदीतला माणूस तोल सांभाळत ६८ लिंगांच्या वाटेवर नेतो, तेव्हा 'बोला, एकदा भक्तलिंग हर्र' म्हणत आपण बघत राहतो. पण यात्रेच्या कितीतरी आठवडे आधीपासून रात्री गल्लीबोळांतून सराव चाललेला असतो. दिवसभर दुकान, कारखाना, नोकरी करून आलेली माणसं. एक थकला की दुसरा पुढे होतो. जानेवारीच्या मध्यावर एकदम उठून काठीला हात घालणारा तिथे नसतो. जिमच्या जाहिरातीत मात्र नेमकं तेच विकलं जातं.

आता सवयीबद्दल. 'सलग २१ दिवस करा, सवय लागते' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते पंचांगातलं वाटावं. लंडनमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एखादी गोष्ट आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसात फरक केवढा तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. पाणी पिण्यासारखी साधी सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. आणि मला सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट ही, की मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्याच्या वाटचालीवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. म्हणजे विसाव्या दिवशी मी काही गमावलं नव्हतं. बाविसाव्या दिवशी गमावलं.

रोजच्या १०,००० पावलांचंही तसंच. हा आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजण्याच्या एका यंत्राच्या नावातून आला. सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून अधिक अमेरिकन बायकांचा अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा स्पष्ट कमी होतं, आणि साधारण ७,५०० नंतर फायदा वाढायचा थांबत होता. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. एका वेळी किमान दहा मिनिटं सलग हवीत, ही जुनी अट २०२० च्या सूचनांतून निघाली. मोजमाप आठवड्याचं आहे, हे नीट बघा. दर दिवसाचं मस्टर त्यांनीही ठेवलेलं नाही.

इथे आमच्या कॉलनीतले एक काका मला हमखास अडवतील. निवृत्त आहेत, ७४ वर्षांचे, आणि ४० वर्षं पहाटे साडेपाचला चालायला जातात. ऊन नाही, पाऊस नाही, सोयर नाही, सुतक नाही. 'मॅडम, ही सगळी निमित्तं आहेत. ज्याला करायचं असतं तो करतो.' काकांबद्दल मला आदर आहे. पण मी एकदा सहज काकूंना विचारलं, 'तुम्ही नाही का जात हो बरोबर?' काकू हसल्या. म्हणाल्या, 'मग हे आल्यावर चहा कोण टाकणार? आणि पाणी आलं तर?' ४० वर्षं काका चालू शकले, कारण ४० वर्षं पहाटे साडेपाचला घरात एक माणूस जागं होतं. काकू हा त्यांच्या दिंडीचा ट्रक. आणि गुडघे आज कुणाचे गेलेत? काकूंचे.

हे एका घराचं नाही. लॅन्सेटच्या आरोग्यविषयक नियतकालिकात २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासात भारतातल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी नाही असं दिसलं. पुरुषांत ४२ टक्के, बायकांत ५७ टक्के. आपल्या बायका पुरुषांपेक्षा आळशी आहेत असं म्हणायची कुणाची छाती असेल त्यानं म्हणावं. मी तर म्हणेन, हा १५ टक्क्यांचा फरक चहात, डब्यात, अंधारात आणि पाण्यात शोधा.

पाण्याचं सोलापूरकरांना सांगायला नको. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, की आमच्याकडे वर्षानुवर्षं नळाला पाणी रोज येत नाही. तीन दिवसांआड, चार दिवसांआड, कधी त्याहून लांबलं की पाच. त्या दिवसाला 'पाण्याचा दिवस' म्हणतात. उजनी धरण भरून वाहत असलं तरी पाण्याचा दिवस तो पाण्याचा दिवस. वेळ कधी पहाटे तीनची, कधी रात्री अकराची. पिंपं, हंडे, टाकी, वरच्या मजल्यावर बादल्या. (ज्यांना आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम हवा आहे त्यांनी आमच्या जिन्यावर यावं.) जिला दर चार दिवसांनी रात्र मोडावी लागते, तिला 'रोज पहाटे उठा' सांगणं म्हणजे तिच्या दिवसाकडे ढुंकूनही न बघता केलेला उपदेश.

विडी वळणाऱ्या बायकांचं तर याहून अवघड. शहराच्या पूर्वभागात आणि जवळच्या कुंभारीच्या घरकुलांत हजारो बायका मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून तासन् तास बसतात. मजुरी हजार विड्यांवर मिळते. उठून दहा मिनिटं पाय मोकळे करायचे तर तेवढ्या विड्या कमी भरतात. बसण्याचं मोल काय असतं हे जगाला पहिल्यांदा नीट कळलं तेही कामगारांवरूनच. जेरी मॉरिस या डॉक्टरनं लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. १९५३ मध्ये ते छापून आलं. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी होता. पुढे त्यानंच कामगारांच्या गणवेशांची मापं काढली, तर ड्रायव्हरांच्या कंबरा मुळातच मोठ्या निघाल्या. म्हणजे सगळा फरक जिन्याचाच असं काही नाही, ही पुस्तीही त्यानंच जोडली. मला तो माणूस त्यामुळे जास्त आवडतो. पण यातला मुद्दा आपल्या कामाचा आहे. कंडक्टरांनी व्यायामाचा संकल्प केला नव्हता. त्यांच्या कामाची मांडणीच तशी होती. विडीच्या सुपापाशी बसलेल्या बाईच्या मानेला आणि कमरेला उपदेशानं काही होणार नाही. मजुरीचा दर असा हवा की तासाला एकदा उठणं तिला परवडेल.

मग शहरानं करायचं काय? हल्ली याचं एक ठरलेलं उत्तर झालंय, ओपन जिम. बागेत रंगीत लोखंडी यंत्रं बसवायची, नारळ फोडायचा, फोटो काढायचा. आमच्या जवळच्या बागेत अशी सहा यंत्रं आली. पहिला महिना मुलं झोके घेत होती. एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर दांड्याला हात लावला की चटका बसतो, कारण वर सावली नाही. आज दोन यंत्रं हलत नाहीत, एकाचं पेडल गेलंय. ग्रीस कुणी घालायचं हे ठरलेलंच नव्हतं. माझा ओपन जिमला विरोध नाही, पण त्या सहा यंत्रांच्या जागी सहा कडुनिंब लावले असते आणि बागेभोवतीच्या वाटेवर दिवे चालू ठेवले असते तर संध्याकाळी सातनंतरही बायका तिथे चालताना दिसल्या असत्या. झाडाचं उद्घाटन होत नाही, ही झाडाची मोठीच अडचण.

दिव्यांबरोबर स्वच्छतागृहही हवं. पन्नाशीच्या बाईला तासभर घराबाहेर राहायचं तर पहिला विचार त्याचा येतो, आणि ते ती कुणाला सांगत नाही; 'मला वेळ नाही' म्हणते. मग शाळांची मैदानं. शहरात मोकळ्या जागा नाहीत म्हणतात, आणि शाळा सुटली की पाच वाजता मैदानाच्या फाटकाला कुलूप लागतं. संध्याकाळी दोन तास एक रखवालदार आणि एक दिवा ठेवला तर प्रत्येक पेठेला स्वतःचं मैदान मिळेल. खर्च किती? ओपन जिमच्या एका यंत्रापेक्षा फार जास्त नसावा. मुलांच्या सुरक्षिततेचा, नासधुशीचा प्रश्न शाळा काढतील, आणि तो खोटा नाही. पण तो सोडवण्याचा प्रश्न आहे, कुलूप लावून टाकण्याचा नाही.

ऊन हा सोलापूरचा खास विषय. पारा ४२-४४ ला गेला की सकाळी आठची ऊब पुण्याच्या दुपारची. मे महिन्यात डिसेंबरइतकं चालायचं ठरवणारा माणूस एक तर आजारी पडतो किंवा जूनपर्यंत सगळं सोडून देतो. शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. तो ज्वारी रब्बीत पेरतो, मेमध्ये पेरत नाही म्हणून कुणी त्याला आळशी म्हणत नाही. आता मी उन्हाळ्याचे अडीच महिने चालणं निम्म्यावर आणते आणि घरात पंख्याखाली वीस मिनिटं सूर्यनमस्कार घालते, सावकाश, बारा जमले तर बारा. पावसाळा लागला की पुन्हा रस्त्यावर. खाण्याचं मी काही लिहीत नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या गावात राहून नाश्त्याला परदेशी ओट्स शोधणाऱ्यांना मी काय सांगणार?

दुसऱ्या टोकाचंही बोललं पाहिजे, कारण ते मला रोज वर्गात दिसतं. एकोणीस-वीस वर्षांची पोरं. एक मुलगा परीक्षेच्या हॉलमध्ये चक्कर येऊन पडला. कळलं की दोन दिवस पाणी मोजून पीत होता, फोटो काढायचा होता म्हणून, शिरा दिसाव्यात म्हणून. मित्र त्याला उचलताना म्हणत होता, 'काय बे, एका रीलसाठी मरतोस का?' तो हसला. ही मुलं आळशी नाहीत, उलट त्यांच्याकडे काकांपेक्षा जास्त जिद्द आहे. पण 'आज बस कर' म्हणणारं कुणी नाही. जुन्या तालमीत वस्ताद होता. 'आज जोर कमी मार, तुझी पाठ बरोबर नाही', हे तो पाठीकडे बघून सांगायचा. तालमीचे गोडवे मला गायचे नाहीत. बाईला तिच्या उंबऱ्याशी उभं राहायची सोय नव्हती, आणि तिथली ईर्ष्या काही कमी नव्हती. तरी थांबायला सांगणारा माणूस ही तिथली मोठी सोय होती. मोबाईल कुणाची पाठ बघत नाही.

आणि आपण मोठी माणसं काय करतो? लग्नकार्यात भेटल्याबरोबर 'किती जाडी झालीस गं' म्हणतो, नाहीतर 'वाळलीस की, बरं नाही का?' नमस्काराच्या आधी वजनाचा पंचनामा. मुलगी ऐकते. मग ती चालते ते पाय मोकळे करायला नाही, पुढच्या लग्नापर्यंत कुणी काही बोलू नये म्हणून. पुढचं लग्न झालं की चालणं संपलं.

माझ्यापुरतं सांगायचं तर जिमनंतर वर्षभर मी काहीच केलं नाही. मग आम्ही गल्लीतल्या पाच जणींनी रात्री जेवणानंतर चालायला सुरुवात केली, कारण पाचही जणींना जमणारी वेळ तेवढीच होती. वाटेवर सलग तीन खांब बंद आहेत; अर्ज दिलाय, पुन्हा देणार आहोत. तोवर तिथून आम्ही घोळक्यानं जातो, टॉर्च लावून. कुणी आली नाही तर विचारत नाही. आठवड्यात चार दिवस झाले तर भरलं असं समजतो. तीन झाले तर पुढच्या आठवड्यात बघू. गेल्या महिन्यापासून काकूही यायला लागल्या. पहिल्या दिवशी चौकापर्यंत येऊन कट्ट्यावर बसल्या, आम्ही परत येईपर्यंत. आता मंदिरापर्यंत येतात आणि तिथे बसतात. काकांनी परवा पहाटेचा चहा स्वतः केला म्हणे, साखर विसरले.

आज चालताना काकूंनीच आठवण केली, की उद्या पाण्याचा दिवस आहे. पहाटे तीनची पाळी. मग उद्या कुणीच नको, परवा भेटू, असं ठरवून आम्ही आपापल्या फाटकात वळलो.